बरणीतल्या तिघी जावा

वीणाताई रणदिव्यांना कुणालाही नाही म्हणता येत नसे, आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची जी फरफट झाली ती सगळी या एका स्वभावापायी. त्यांचे वडील नोकरीसाठी पुण्याहून दिल्लीला आले, ते नेहमी म्हणत, "या गावात दुखणं कुणाला सांगायचं नाही. पुण्यात सांगितलं तर माणूस 'अरेरे' म्हणून पुढे जातो. इथं तो हात धरून इलाजाला घेऊन जातो." वीणाताईंचं सगळं आयुष्य दिल्लीतच गेलं होतं. शाळा पहाडगंजातली मराठी, संसार मयूर विहारात आणि नोकरी एका मंत्रालयात, डायरेक्टरांच्या पर्सनल सेक्रेटरीची. तरी वडिलांचं म्हणणं त्यांना पन्नाशी उलटल्यावर, गुडघा कुरकुरायला लागल्यावर पटलं.

मेट्रोत रोज भेटणाऱ्या बाईंनी काट्यांच्या चपला सांगितल्या. वीणाताई त्या घालून घरभर 'आई गं, आई गं' करत फिरल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला. तो बांधून स्वयंपाकघरात उभं राहिलं की चमचे गुडघ्याला येऊन चिकटत. नाशिकच्या वहिनी व्हिडिओ कॉलवरून रेकी पाठवत. मध्येच नेटवर्क गेलं तर म्हणत, "आज अर्धीच पोचली हं, उरलेली उद्या." नोएडात कुणीतरी पेले लावून रक्त ओढतं म्हणून तिथंही जाऊन झालं, आणि गुडघ्यावर जांभळी वर्तुळं घेऊन त्या परत आल्या. त्यांचे यजमान यतीनराव सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. ते पेपरमागून एवढंच म्हणाले, "शिक्का तर छान उठलाय."

मग शाळेतल्या जुन्या मैत्रिणीनं पहाडगंजातल्या वैद्य विश्वनाथ खळदकरांचं नाव सांगितलं. त्यांचा दवाखाना शाळेच्या मागच्याच गल्लीत, दोन स्वस्त हॉटेलांच्या मधे अंग चोरून बसलेला. खळदकर जळवा लावत. वीणाताई घाबरल्या, पण मैत्रिणीनं अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. आता नाही कसं म्हणायचं?

आश्चर्य म्हणजे त्यांना त्रास झाला नाही. तीन जळवा गुडघ्यावर निवांत बसल्या, प्यायल्या आणि आपणहून गळून पडल्या. वैद्यबुवांनी जळवांच्या तोंडाला हळद लावली, प्यायलेलं रक्त ओकायला लावलं आणि त्यांना एका बरणीतल्या पाण्यात सोडलं. "एकाची जळू दुसऱ्याला लावत नाही मी," ते म्हणाले. "या तिघी आता तुमच्याच." घरी येऊन वीणाताई यतीनरावांना म्हणाल्या, "स्वभावानं चांगल्या आहेत हो. एक लठ्ठ आहे, ती थोरली. एक शांत, ती मधली. आणि एक सारखी बरणीच्या काठावर चढून बघत असते, ती धाकटी. अगदी तिघी जावा."

यतीनराव रत्नागिरीकडचे. लहानपणी भातखाचरात त्यांच्या पोटरीला जळू लागली होती, तेव्हापासून जळू हा शब्द जेवताना काढायचा नाही असा घरात दंडक होता. त्यांनी पोळी खाली ठेवली.

मे महिन्यात खळदकरांचे साताऱ्याचे थोरले बंधू आजारी पडले आणि वैद्यबुवांना गावी जावं लागलं. पाणी रोज बदलायला मागे कोणी नाही, म्हणून त्यांनी ज्याच्या त्याच्या जळवा ज्याच्या त्याच्या हवाली केल्या. वीणाताईंना चिनी मातीची बरणी मिळाली, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. "नळाचं पाणी घालू नका, माठाचं घाला. जागा गार हवी, पण फ्रिज नको," त्यांनी बजावलं.

"घरात एक तर मी राहीन किंवा त्या तिघी," यतीनराव म्हणाले.

"अहो, पण बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे!"

"मग मला बाहेर ठेव."

घरातला एसी दिवसा बंद असे. ऑफिसात तो सकाळपासून असा चाले की मे महिन्यातही खुर्च्यांच्या पाठीवर शाली लटकलेल्या असत, आणि माठही होता. तेव्हा वीणाताईंनी बरणी पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ऑफिसला निघाल्या.

मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या मशीनमधून पिशवी गेली आणि परत आली. वर्दीतली मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

"इसमें क्या है, आंटी?"

"दवाई है."

"दवाई हिल रही है."

"ताज़ी है ना," वीणाताई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हे तसं खोटंही नव्हतं. मुलीनं फडक्याची गाठ सोडली, आत डोकावली, गाठ परत बांधली आणि पुढची दहा-बारा माणसं न तपासताच आत सोडली.

दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात वीणाताईंनी बरणी कपाटाच्या खालच्या फळीवर, फायलींच्या आडोशाला ठेवली. कुणाला सांगितलं नाही. जळवा घेऊन आलेय हे सांगायचं तर सुरुवात कुठून करणार? पण चिनी मातीची बरणी, तोंडाला बांधलेलं फडकं आणि घरी स्वयंपाक करणारी मराठी बाई, यातून कुठलाही माणूस जो अर्थ काढेल तो अंडर सेक्रेटरी समर्थ यांनी काढला. समर्थ कानपूरचे, वयानं तरुण, हुद्द्यानं वरचे आणि लोणच्याचे विलक्षण शौकीन. वीणाताई जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला गेल्या तेवढ्यात ते पराठ्यांचा डबा आणि चमचा घेऊन कपाटापाशी बसले.

वीणाताईंना किंकाळी ऐकू आली ती कॉरिडॉरच्या टोकाला. धावणं जमत नव्हतं, तरी त्या धावल्या. समर्थ टेबलावर उभे होते. चमचा त्यांच्या हातात होता. बरणी आडवी झाली होती आणि पाणी फरशीभर पसरलं होतं.

"वीणाजी, आपका अचार ज़िंदा है!"

वीणाताईंनी फुलस्केप कागदाचा द्रोण केला, थोरलीला उचललं, मधलीला उचललं आणि बरणीत घातलं. धाकटी दिसेना. टेबलाखाली नव्हती, फायलींत नव्हती, समर्थांच्या डब्यातही नव्हती.

एव्हाना सगळा सेक्शन गोळा झाला होता. शिपाई द्वारका प्रसाद यांनी गावाकडचा अनुभव सांगितला, की जोंक पायावर चढते आणि चढली हे कळतसुद्धा नाही. हे ऐकल्याबरोबर हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम पाय वर घेतले. डायरेक्टर अनुष्का मॅडम आवाज ऐकून केबिनमधून बाहेर आल्या, त्यांना काय झालं ते सांगितलं गेलं, आणि त्या दारातल्याच खुर्चीवर मांडी घालून बसल्या.

हॉलभर माणसं खुर्च्यांवर मांड्या घालून बसली होती. एकट्या वीणाताईंचे पाय जमिनीवर होते. त्यांचा गुडघा तेवढा वाकतच नव्हता.

"वीणाजी की हिम्मत देखिए," कोणीतरी पुटपुटलं.

अनुष्का मॅडमनी फोनवरून बंदोबस्त सुरू केला. इमारतीची देखभाल बघणारे म्हणाले, आमच्या कंत्राटात उंदीर, कबुतरं आणि वाळवी आहे, जळू नाही. बागेचं बघणारे म्हणाले, कुंडीत असेल तर आमची, फरशीवर असेल तर तुमची. ऑफिसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जळू पेशंट आहे की औषध?" त्यावर हॉलमध्ये बराच वेळ चर्चा झाली आणि मग चहाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी लोक आले आणि आल्या आल्या मांड्या घालून बसले. मीटिंगा तशाच झाल्या. बाहेरची माणसं कागद घेऊन आली, त्यांना धोका समजावून सांगितल्यावर त्यांनीही पाय वर घेतले. वीणाताई मनातून पार खचल्या होत्या. एवढ्या मोठ्या खात्याला आपल्यामुळे पाय टेकायला जागा उरली नाही, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कोपरा न् कोपरा बघत.

अशाच एका सकाळी धाकटी सापडली. माठाखालच्या ओल्या ताटलीत आरामात लोळत पडली होती, आणि काठावर चढून बाहेर बघायची तिची सवय गेलेली नव्हती. वीणाताईंना भरून आलं. त्यांनी तिला बरणीत घातलं आणि बरणी घेऊन तडक केबिन गाठली.

"मॅडम, मिल गई!"

अनुष्का मॅडम खुर्चीवर मांडी घालून फाइल वाचत होत्या. त्यांनी बरणीत डोकावून पाहिलं. चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही.

"यह वही है, इसका क्या प्रूफ़ है?"

"मॅडम, बरणीत तीन होत्या... मतलब, तीन थीं, अब फिर तीन हैं."

"बाहर से चौथी भी आ सकती है. माठ ओपन है."

"मेरा खून पिया है इसने. मैं पहचानती हूँ ना!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं, दार बंद आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वीणाजी, बैठिए. किती वर्षं माझी कमर दुखतेय, तुम्हाला माहीत आहे." मॅडम इंदूरच्या, हळवं काही बोलायचं असलं की मराठीत येत. "पट्टे झाले, इंजेक्शनं झाली, केरळला जाऊन तेलात बुडून आले. आणि या आठवड्यात मी पहाटे उठून वाकले, पायात मोजे घातले, तेव्हा लक्षात आलं की दुखलंच नाही. समर्थची ॲसिडिटी गेली. द्वारका प्रसाद म्हणतात, त्यांना झोप लागते. लोकांना मी नुसतं सांगितलं असतं, मांडी घालून बसा, तर कोण बसलं असतं? भीती आहे म्हणून बसतात. तुम्ही तिला सापडवू नका. प्लीज."

वीणाताईंना नाही म्हणता येत नसे, हे सुरुवातीलाच सांगितलं. त्या बरणी घेऊन परत जागेवर आल्या आणि धाकटी सरकारी हिशेबात बेपत्ता राहिली.

अशी गोष्ट एका मजल्यावर किती दिवस दबून राहणार? दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या कमरा बऱ्या झाल्यात, तिथं काहीतरी सोडलंय, असं आधी कँटीनमध्ये, मग लिफ्टमध्ये लोक बोलू लागले. जूनमध्ये एक दिवस तिसऱ्या मजल्यावरचं शिष्टमंडळ वीणाताईंच्या टेबलापाशी आलं. पुढे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मानेचा पट्टा सैल केला, घसा साफ केला आणि हात जोडले.

"बहनजी, एक हमारे यहाँ भी खो दीजिए."

"काय?... क्या?"

"एक जोंक. आपके पास अभी हैं, सुना है. हमारे फ्लोर पर सब सर्वाइकल के मरीज़ हैं."

वीणाताईंना जळू देववत नव्हती. त्यांच्या रक्तावर वाढलेली ती, परक्या मजल्यावर कुणाच्या बुटाखाली आली असती म्हणजे? आणि नाही म्हणवत नव्हतं. त्या रात्री त्यांनी यतीनरावांना सगळं सांगितलं. दंडक मोडून जळू हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला गेला, तरी यतीनराव उठून गेले नाहीत. छापखान्यातला माणूस, त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "त्यांना जळू हवीय की बातमी?"

दुसऱ्या दिवशी वीणाताई घरून लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आल्या. फडकं बांधलं, जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेल्या, कारण लिफ्टमध्ये लोक आत काय आहे ते विचारत. हॉलच्या मध्यभागी उभं राहून त्यांनी सगळ्यांदेखत फडकं सोडलं, बरणी एका रॅकमागे हलकेच कलती केली आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "छोड़ दी." त्यांचा आवाज थरथरत होता. त्यानं लोकांची खात्री अधिकच पटली. खुर्च्या करकरल्या आणि तिसरा मजला मांडी घालून बसला.

पुढच्या आठवड्यात मानेचे पट्टे निघाले. मग पहिल्या मजल्याची विनंती आली. मग पलीकडच्या विंगची. वीणाताई रिकामी बरणी घेऊन जिने चढत, जिने उतरत आणि प्रत्येक ठिकाणी काहीच सोडत नसत. सुरुवातीला त्यांना रात्री झोप येईना. नंतर त्यांना कळेना की फसवलं तर कोणाला फसवलं, कारण सगळ्यांचीच दुखणी कमी झाली होती आणि प्रत्येक मजला दिवाळीच्या आधीच त्यांना मिठाईचे डबे देत होता. एका विंगेत एका गृहस्थांनी तर ती जळू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, अगदी हिरवट, असं शपथेवर सांगितलं. दुसऱ्या एकांनी ती दुपारी साडेतीनला निघते हेही सांगितलं, त्यामुळे त्या वेळेला तिथं चहाच्या कपांचा आवाजसुद्धा होत नसे.

वैद्य खळदकर परत आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता. वीणाताई बरणी घेऊन पहाडगंजात गेल्या आणि जे जे झालं ते सगळं त्यांच्यापुढे ओकून मोकळ्या झाल्या. वैद्यबुवांनी ऐकता ऐकता दोनदा चष्मा पुसला.

"आणि तुमचा गुडघा?"

वीणाताई थबकल्या. गुडघ्याकडे बघायला त्यांना उसंतच मिळाली नव्हती. उठून उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या, परत आल्या. "कमी दुखतोय की हो. पूर्ण नाही गेलं, पण कमी दुखतोय."

"जळवा लावल्या होत्यात का मधे?"

"कुठल्या लावतेय! वेळ कुठं होता? सारखी जिन्यावरच होते."

खळदकरांनी उठून दवाखान्याचं दार लोटलं. मग म्हणाले, "वीणाताई, तुम्ही या शेजारच्या शाळेतल्या, म्हणून सांगतो. हे कुणाला बोलू नका. नुसत्या रिकाम्या बरणीनं लोक बरे व्हायला लागले तर मी इथं बसून काय करू?"

त्यांनी बरणी हातात घेतली आणि सांगितलं की इतके दिवस उलटल्यावर या जळवा आता वापरता येत नाहीत, त्यांना स्पिरिटमध्ये टाकतात. वीणाताईंनी ती बरणी त्यांच्या हातातून परत घेतली. एवढ्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच एवढ्या ठामपणे म्हणाल्या, "नाही."

रविवारी यतीनराव म्हणाले, "चल, मी येतो." शहरालगतच्या जंगलातल्या एका जुन्या तळ्यापाशी ते दोघं सकाळी पोचले. रिक्षात बरणी यतीनरावांच्या मांडीवर होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बरणी घट्ट धरली होती. चौकीदारानं अडवलं, "पानी में कुछ डालना मना है."

"डाल नहीं रहे," यतीनराव म्हणाले, "छोड़ने आए हैं. लड़कियाँ हैं."

चौकीदारानं बरणीत पाहिलं आणि तो स्वतःच बाजूला झाला. थोरली आणि मधली लगेच पाण्यात दिसेनाशा झाल्या. धाकटी काठाला चिकटून राहिली. वीणाताईंनी बोटानं पाणी हलवलं, तेव्हा ती गेली. परतताना यतीनरावांनी वाटेत छोले-भटुरे घेतले, आणि पोटभर खाल्ले.

हिवाळ्यात अनुष्का मॅडमची बदली झाली. नवे साहेब आले, कडक इस्त्रीचे. त्यांनी पहिल्या दिवशी सगळा मजला फिरून पाहिला. टेबलाटेबलावर माणसं शाली गुंडाळून, मांड्या घालून बसलेली. सगळ्यांचे बूट एका रांगेत भिंतीशी.

"ये सब ऐसे क्यों बैठे हैं?"

मधल्या काळात बरेच जण बदलून गेले होते, बरेच नवे आले होते. कुणालाही नीट सांगता येईना. एक म्हणाला, इथं असंच बसतात. दुसरा म्हणाला, वरून ऑर्डर आहे. द्वारका प्रसादना खरं कारण माहीत होतं, पण ते नुसते साहेबांच्या बुटांकडे काळजीनं बघत होते.

साहेब वीणाताईंच्या टेबलापाशी थांबले. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर, नीट जोडलेले. "पूरे फ्लोर पर एक आप ही ढंग से बैठी हैं," ते म्हणाले. "कल से यह आपकी ज़िम्मेदारी. सबके पैर नीचे चाहिए."

"जी सर," वीणाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा गाळता गाळता त्यांनी हे यतीनरावांना सांगितलं. "मग? उतरवलेस का लोकांचे पाय?" त्यांनी विचारलं.

"कसले उतरवतेय! पहिल्याच टेबलावर द्वारका प्रसाद म्हणाले, 'मॅडम, आप कहेंगी तो उतार देंगे, पर आप ज़िम्मेदारी लेंगी?' म्हटलं, राहू द्या. परत जागेवर येऊन बसले, टायपिंग करायला घेतलं. थोड्या वेळानं साहेब केबिनच्या दारात आले, माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि तसेच आत गेले."

"का?"

वीणाताईंनी कप त्यांच्यापुढे ठेवला. "मी मांडी घालून बसले होते. दोन्ही पाय वर. कधी घेतले, मलाच कळलं नाही."